मिठाचं पोतं घेऊन वज्रेश्वरीला

मे महिन्यात गरम पाण्याच्या कुंडावर कोण जातं? गुडघे धरलेले जातात, नवस बोललेले जातात आणि घरात बसून ज्यांना काही सुचत नाही ते जातात. मी तिसऱ्या प्रकारातली. शिवाय माझ्याबरोबर मिठाचं एक पोतं होतं. ते का होतं, हे आधी सांगते. नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. सांगितल्यावरही वाटेलच, पण निदान कुठल्या जातीचा वेडेपणा ते कळेल.

मी भिवंडीत टेमघरला राहते. आम्ही आगरी, त्यातले मीठ पिकवणारे. खाडीकाठी आमचं एक मिठागर उरलं आहे. अर्धं माझं, अर्धं माझ्या दिरांचं, बाळाराम भावोजींचं. आजूबाजूची आगरं भराव टाकून बुजली आणि त्यांच्यावर गोदामं उभी राहिली. आमचं टिकलं, कारण माझे यजमान (आमच्यात नाव घेत नाहीत, 'हे' म्हणतात) दरवर्षी दिवाळी झाली की खाडीकडची उघाडी, म्हणजे बांधातली लाकडी झडप, वर करून भरतीचं पाणी आत घ्यायचे आणि उन्हं तापली की मीठ ओढायला लागायचे. दोन वर्षांपूर्वी हे गेले. तेव्हापासून आगरात पाणी आपलं आपण येतं, वाळतं, पांढरा पापुद्रा धरून बसतं. ओढत कुणी नाही.

या उन्हाळ्यात भावोजींकडे जमिनीचा एजंट आला. पावसाच्या आधी भराव टाकायचा, म्हणून सह्या लगेच हव्यात. भावोजी सरळ माणूस. ओटीवर बसून म्हणाले, "वहिनी, पडीक ठेवून काय करायचाय? माझी कंबर गेली, मना काय आता मीठ वढता येत न्हाय. तुमची सही पायजे."

मला 'नको' म्हणायचं होतं. पण कारण काय देणार? 'ते बांध यांच्या हातचे आहेत' हे कारण नव्हे, ते रडणं झालं. सातवी पास बाई वाचनालयातली पुस्तकं वाचून वाचून इतकी शहाणी होते की तिला साधं 'नको' म्हणता येत नाही. तिला शास्त्रीय कारण लागतं.

ते मला लोडशेडिंगमध्ये सापडलं. इमर्जन्सी दिव्याच्या उजेडात एक विज्ञान मासिक वाचत होते. त्यात बॅटऱ्यांवर लेख होता. मोबाइलमध्ये लिथियमची बॅटरी असते, लिथियम थोड्याच देशांत मिळतं, म्हणून त्याच्या जागी सोडियम वापरता येईल का यावर प्रयोगशाळांतून खटपट चालू आहे, असं काहीसं. आणि सोडियम म्हणजे आपल्या रोजच्या मिठातला एक भाग. 'मीठ' शब्द आला आणि मी मासिक मिटून उभी राहिले. पुढचं वाचलंच नाही. हा माझा जुना रोग आहे, अर्धं वाचायचं आणि पूर्ण बोलायचं.

"उद्या जगातल्या सगळ्या बॅटऱ्या मिठावर चालणार," मी भावोजींना सुनावलं, "आणि तुम्ही मिठागर विकायला निघालात?"

भावोजींनी डोकं खाजवलं. त्यांची बायको, म्हणजे माझी जाऊ कुंदा, कैऱ्या चिरत होती. ती मान वर न करता म्हणाली, "ताई, मग लोणच्याच्या बरनीला वायर लावली तर पंखा फिरंल काय? लई उकडतंय."

लेखाच्या शेवटी लेखकाचा पत्ता होता. रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, राहणार अकलोली, म्हणजे वज्रेश्वरीला लागूनच. मी कार्ड टाकलं. 'जरूर या, मिठाचा नमुना आणा' असं उत्तर आलं. भावोजींनी ते कार्ड दोनदा वाचलं आणि म्हणाले, "चला. मी नेतो. तो सर बोलला की आपलं मीठ बॅटरीला चालतं, तर सहीचं नाव काढनार न्हाय. आन न्हाय बोलला तर?"

"तर सही करीन," मी म्हटलं. शब्द दिला. येताना संध्याकाळी वडप्याला एजंटला भेटायचं, तिथेच काय तो सोक्षमोक्ष, असं ठरलं.

नमुना म्हणजे चिमूटभर, हे कुणालाही कळलं असतं. मी पोतंच काढलं. यांच्या शेवटच्या हंगामातलं ते पोतं मागच्या खोलीत फळीवर ठेवलेलं होतं, तोंड शिवलेलं. मी ते उघडलं नव्हतं. वाण्याकडून पुडीचं मीठ आणत होते. घरात पोतंभर मीठ असताना विकतचं खाणारी आगरीण तालुक्यात मी एकटीच असेन.

आदल्या संध्याकाळीच मी ते भावोजींच्या जुन्या व्हॅनमध्ये चढवलं. खाली ठेवलं तर सकाळी बसताना पाय लागणार. मिठाला पाय लावू नये, ही लहानपणापासूनची शिकवण. म्हणून मी त्याला पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या शेजारी मानानं बसवलं आणि समाधानानं झोपायला गेले. हे वाक्य लक्षात ठेवा.

सकाळी पोतं मागे सरकवलं, तर सीट जराशी ओलसर. कुंदा म्हणाली, पोत्याला घाम आला. मी सीटवर गोणपाट टाकलं आणि त्यावर बसले. पुढे बसायचा मान माझा, कारण मागे मी आणि पोतं दोघं मावत नाही.

ज्यांना एसटीनं जायचं असेल त्यांच्यासाठी सांगते: भिवंडी स्थानकातून वज्रेश्वरीच्या गाड्या मिळतात, तिकीट वीसेक रुपये, आणि अनगावपर्यंत खिडकीची जागा मिळाली तर नाकाला पदर लावून बसा. धूळ फार. वंजारपट्टी नाक्यापर्यंत दोन्ही बाजूंनी लूमची खटखट येते. आम्हाला ती ऐकू येत नाही, थांबली की ऐकू येते. आम्ही मात्र आधी उलट्या दिशेला, नाशिक हायवेवर वडप्याला गेलो. 'एजंटला सांगून येतो, संध्याकाळी नक्की' असं भावोजी म्हणाले. खरं म्हणजे त्यांना मला गोदामं दाखवायची होती. सासरच्या माणसांचं राजकारण मला उशिरा का होईना कळतं.

वडप्याला आता शेत शोधावं लागतं. ओळीनं पत्र्याची गोदामं, दारात कंटेनर, चहाच्या टपऱ्या. चहा तीन रुपयांत मिळतो आणि गोड इतका की चमचा उभा राहावा. एका गोदामाच्या दाराशी आम्ही उभे राहिलो. आत मोबाइलचे खोके छतापर्यंत. बाहेर सावलीत एक उघडा खोका वाळूच्या बादलीशेजारी ठेवला होता. मी जवळ जाऊन वाकले.

"अरे चाची, दूर रहो!" वॉचमन धावत आला. "वो फूल गया है माल."

खोक्यात मोबाइलच्या बॅटऱ्या होत्या, टम्म फुगलेल्या, पापडाला फोड यावा तशा.

"फट सकता है क्या?" मी विचारलं.

"फटेगा तो आग लगेगा. पानी मत डालना, रेती डालना, साब बोल के गया है. गरमी नहीं चलती इसको. इसके वास्ते अंदर पंखा लगाया है, मेरे वास्ते नहीं."

मला तर आनंदच झाला. गाडीत बसल्यावर मी लगेच सुरू केलं: "बघा भावोजी, तुमचं लिथियम. त्याला पंखा लागतो, पहारेकरी लागतो. मीठ कधी फुटलंय? मीठ कधी पेटलंय?"

"मीठ भाड्यानं गोदाम बी घेत न्हाय वहिनी," भावोजी म्हणाले.

भिवंडीत परत येऊन अनगावच्या रस्त्याला लागलो. अनगाव सोडलं की हवा बदलते. रस्त्याकडेला आदिवासी बायका जांभळं आणि करवंदं पानांच्या द्रोणात घेऊन बसल्या होत्या. पाच रुपयांचा द्रोण. घ्या, पण कपड्यांवर डाग पडतील. अंबाडी नाक्यावर वडापाव खाल्ला. तिखट चटणी मागून घ्यावी लागते, आपणहून देत नाहीत. तिथून डावीकडे वळलं की वज्रेश्वरी फार लांब नाही. रस्ता बरा आहे, म्हणजे खड्डे आहेत पण ते एकमेकांपासून अंतर राखून आहेत.

देवीचं देऊळ टेकडीवर आहे, किल्ल्यासारखी तटबंदी. मेमधल्या दुपारी त्या दगडी पायऱ्या म्हणजे तवा. चपला खाली ठेवायच्या असतात, म्हणून मी निम्म्या पायऱ्या नाचत चढले. कुंदा म्हणाली, "ताई, देवीला वाटंल नाचगाण्याचा नवस फेडायला आलात." वर गेल्यावर गाभारा थंडगार. हात जोडल्यावर काय मागावं ते मला कळेना. 'सर हो म्हणू देत' असं मागणं बरं दिसेना, शास्त्रातला प्रश्न देवीकडे नेऊ नये इतपत वाचन आहे. मी नुसती उभी राहिले. भावोजी माझ्यापेक्षा बराच वेळ उभे होते.

अकलोलीला सरांचं घर कुंडांच्या जवळच, तानसा नदीच्या बाजूला. सर सडपातळ, बनियनवर उपरणं घेतलेले, गुडघ्याला पट्टा. कुंडात पाय बुडवता यावेत म्हणून निवृत्तीनंतर इकडे येऊन राहिले. त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी आधी पाणी दिलं. मग सरांनी पोत्याकडे पाहिलं.

"हा नमुना?"

"थोडं जास्तच झालं," मी म्हटलं.

भावोजींनी वेळ न घालवता विचारलं, "सर, यकच सांगा. हे मीठ बॅटरीला चालंल का न्हाय?"

पण मास्तर माणूस एकच कसं सांगणार. त्यांनी आम्हाला ओळीनं बसवलं.

"भिवंडीचे ना? मग धोटा माहीत आहे. लूमवर धोटा या टोकाकडून त्या टोकाला जातो आणि परत येतो. बॅटरीत तेच. लिथियमचे भारित कण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातात तेव्हा ती चार्ज होते, परत येतात तेव्हा आपल्याला वीज मिळते. लिथियम हा फार हलका, लहानसा धोटा. म्हणून थोड्या वजनात पुष्कळ वीज साठते. तुमच्या खिशातला फोन त्यामुळेच खिशात मावतो."

"आणि सोडियम?"

"सोडियमचा कण आकारानं मोठा आणि वजनाला तिपटीहून जड. तेवढीच वीज साठवायची तर बॅटरी मोठी होणार, जड होणार. शिवाय लिथियम ज्या ग्रॅफाइटमध्ये जाऊन बसतं, ते पत्त्यांसारखं थरांचं असतं. थरांमधली फट लिथियमला पुरते. सोडियम त्यात शिरतच नाही म्हणा."

मला एसटीचं दार आठवलं. मी दारात अडकले की मागची सगळी रांग थांबते आणि कंडक्टर म्हणतो, मावशी, आडव्या व्हा. सोडियमबद्दल मला मनापासून माया वाटली.

"मग त्याला बसवायचं कुठे?" मी विचारलं.

"ओबडधोबड कोळशात. साखरेसारखा पदार्थ हवा लागू न देता तापवून कोळसा करतात. त्यात थर नीट रचलेले नसतात, वेड्यावाकड्या पोकळ्या असतात. तिथे सोडियमला जागा होते."

"मीठ आणि साखर?" कुंदा म्हणाली. "म्हंजे जुलाबावरचं पाणी!"

सर हसून हसून खोकायला लागले. मालतीबाई आतून म्हणाल्या, "त्यांना फार हसवू नका, बीपी आहे."

"सोडियमचे गुण पण ऐका," सर सावरून म्हणाले. "लिथियमच्या बॅटरीत एका बाजूला तांब्याचा पत्रा लागतो, सोडियमला दोन्हीकडे अ‍ॅल्युमिनियम चालतं, ते स्वस्त. आणि सोडियम कुठेही मिळतं. लिथियम कुठून येतं ठाऊक आहे? दक्षिण अमेरिकेत उंचावर सुकलेली खारी तळी आहेत. तिथलं खारं पाणी मोठाल्या वाफ्यांमध्ये सोडतात आणि उन्हात आटवतात."

भावोजी पुढे सरकले. "वाफ्यात? बांध घालून?"

"बांध घालून."

"म्हंजे ते बी आगरीच की!" भावोजी इतके खूश झाले की त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग आपण कुठल्या बाजूला आहोत ते आठवून परत मागे टेकून बसले.

मग प्रयोग झाला. सरांनी काचेचे दोन पेले मागवले. एकात कपाटातलं पुडीचं मीठ विरघळवलं, दुसऱ्यात आमचं. त्यासाठी पोत्याची शिवण उसवावी लागली. ती भावोजींनी उसवली, मी पेल्याकडे बघत राहिले. मग सरांनी धुण्याच्या सोड्याचं पाणी दोन्हीत थोडं थोडं ओतलं. पुडीचं मीठ जवळजवळ होतं तसंच नितळ राहिलं. आमचं मात्र दुधासारखं पांढरंशुभ्र झालं.

"अगं बाय, दूध झालं!" कुंदा ओरडली.

मला वाटलं, जिंकलो. इतका मोठा फरक, नक्की काहीतरी विशेष असणार. मी भावोजींकडे विजयानं पाहिलं. हा क्षण मी विसरायचा प्रयत्न करते आहे.

"हा मळ," सर म्हणाले. "मॅग्नेशियम आणि कॅल्शियम. खाडीच्या मिठात असतंच. मॅग्नेशियममुळेच तुमचं मीठ हवेतलं पाणी ओढतं. बॅटरीला फार शुद्ध माल लागतो, हे तसं चालणार नाही."

"पण शुद्ध केलं तर?"

सरांनी सोड्याची पुडी माझ्यासमोर धरली. "बाई, बॅटरीला लागणारं सोडियम या जातीच्या सोड्यातून येईल. हा कारखान्यात ढिगानं बनतो, वाण्याकडे मिळतो. सोडियमचा मोठा गुण कोणता? ते सगळीकडे आहे. आणि जे सगळीकडे आहे, त्यासाठी तुमच्याच दाराशी कोण येईल?"

म्हणजे माझ्या शास्त्रीय कारणात टेमघरचा वाणी माझ्या पुढे होता. हे सगळं लेखाच्या दुसऱ्या पानावर लिहिलेलं होतं, असं सरांनी सौम्यपणे सांगितलं.

"मंग हे सोडियम कंदीतरी लिथियमला हरवंल?" हे भावोजींनी विचारलं. खरं तर त्यांना आता विचारायचं कारण नव्हतं. त्यांना हवं ते उत्तर मिळालं होतं.

"हलकेपणात नाही. खिशात न्यायचं तिथे लिथियमच. पण घराच्या कोपऱ्यात, इन्व्हर्टरसारखं एका जागी बसायचं असेल, तर जड असलं म्हणून काय बिघडलं? तिथे स्वस्त असणं महत्त्वाचं. मात्र आज ते प्रयोगशाळेतच आहे. पुन्हा पुन्हा आत-बाहेर करताना तो जाडजूड कण आपलंच घर मोडतो. किती वर्षं लागतील सांगता येत नाही. मी बघायला असेन असं वाटत नाही."

मग मालतीबाईंनी पानं वाढली.

भात, आमटी, भेंडीची भाजी, भाकरी. पहिला घास घेतला आणि आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. सगळं अळणी. सरांच्या बीपीमुळे त्या घरात मीठच शिजत नाही. आयुष्यभर सोडियम शिकवलेला माणूस आणि घरात मीठ फक्त 'रसायने' असं लिहिलेल्या कपाटात, त्याची किल्ली मालतीबाईंच्या कमरेला. "माझं मेलीचं लक्षच नाही," त्या म्हणाल्या, "पाहुण्यांना वरून तरी द्यायला हवं होतं," आणि कपाटाकडे निघाल्या.

"ऱ्हाऊ द्या बाई," भावोजी उठले. पोत्याजवळ गेले, मूठभर मीठ काढलं, पाट्यावर घेऊन वरवंट्यानं भरडलं. मीठ कुणाच्या हातावर देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. त्यांनी वाकून एकेकाच्या ताटाच्या कडेला चिमूट ठेवली. कुंदाच्या, स्वतःच्या, मालतीबाईंच्या. माझ्या ताटाशी क्षणभर थांबले. मी ताट थोडं पुढे सरकवलं.

आमटीत कालवलं आणि खाल्लं. आगराचं मीठ आधी खारट लागतं आणि मग जिभेच्या मागच्या बाजूला किंचित कडू. पुडीच्या मिठाला ते नसतं. तोच तो मळ. दोन वर्षं मी बिनमळाचं जेवत होते आणि आमटीत काय कमी पडतं म्हणून चिंच वाढवत होते.

"डावीकडच्या वाफ्यातलं हाय," भावोजी ताटात बघून म्हणाले. "दादा तो वाफा शेवटी वढायचा. तिथलं कडवट यायचं." मग थोड्या वेळानं, "मना जरा भात वाढा."

"मला चिमूटभर," सर हळूच म्हणाले.

"अजिबात नाही," मालतीबाई.

हात धुतल्यावर मी भावोजींना म्हटलं, "सर नाही म्हणाले. मी वडप्याला सही करते. पोतं मात्र घरी न्यायचं."

"बगू," भावोजी म्हणाले. शब्द माझा होता, मी हरले होते, यात बघायचं काय ते मला कळलं नाही.

व्हॅन सुरू होईना. भावोजींनी किल्ली फिरवली, एकदा नुसतं कण्हल्यासारखा आवाज आला आणि मग तोही बंद. बॅटरी पुढच्या डाव्या सीटखाली असते. मी बसले होते ते गोणपाट उचललं, सीट उलटली आणि सगळ्यांनी आत डोकावलं. बॅटरीवर खारं पाणी साचलेलं, दोन्ही टोकं हिरव्या-पांढऱ्या बुरशीसारख्या थरात बुडालेली.

"यावर मिठाचं पाणी कुणी ओतलं?" सरांनी विचारलं.

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. पोतं रात्रभर मानाच्या सीटवर बसून घाम गाळत होतं. मिठाचं पोतं लोखंडाजवळ ठेवू नये, खाली फळी हवी, हे आमच्याकडे पोरंसुद्धा जाणतात. मी पाय लागू नये म्हणून जपलं आणि ते बॅटरीच्या डोक्यावर नेऊन ठेवलं.

"सर," भावोजी गंभीरपणे म्हणाले, "आमच्या वहिनींनी मीठ बॅटरीत घालून दाखवलं. तुमची प्रयोगशाळा मागं पडली."

कुंदा हसत हसत पायरीवरच बसली. मलाही हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. ते कुणी पाहिलं असेल तर हसण्याचंच समजलं असणार.

सर मात्र खुलले. टोकं सोड्याच्या पाण्यानं धुवायची म्हणाले. कुंदा बादली घेऊन कुंडाकडे निघाली, तर मागून ओरडले, "कुंडाचं नको, त्यातही क्षारच आहेत!" शेवटी मालतीबाईंनी चुलीवर साधं पाणी तापवलं. मेच्या उन्हात, गरम झऱ्यांपासून हाकेच्या अंतरावर, आम्ही पाणी तापवत बसलो. टोकं स्वच्छ झाली, पण बॅटरी उतरली ती उतरलीच. ढकलून सुरू करण्याशिवाय इलाज नव्हता.

कुंडावर अंघोळीला भिवंडीचेच लूम कामगार आले होते. ओल्या टॉवेलांवरच मदतीला धावले. मी आत बसून होते, कारण चालत्या गाडीत चढणं मला जमत नाही.

"एक, दो... रुको, रुको," त्यातला म्होरक्या म्हणाला, "पहले चाची को उतारो."

मला उतरवलं. व्हॅन लगेच सुरू झाली. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि सभ्यपणानं नजर व्हॅनकडे वळवली. सोडियम म्हणजे काय ते मला आता दुसऱ्यांदा समजावायची गरज नव्हती.

मालतीबाईंना मी पिशवीभर मीठ देऊ केलं. त्यांनी ते घेतलं आणि सरांच्या देखत कपाटात ठेवून कुलूप लावलं.

निघायला उशीर झाला होता. अकलोलीत फोनला रेंज नव्हती, ती अंबाडीजवळ आली. आल्या आल्या भावोजींचा फोन वाजायला लागला.

"एजंट आसंल," कुंदा म्हणाली. "घ्या की."

"गाडी चालवताना फोन घेऊ नये," भावोजी म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. या माणसाला फोन कानाला न लावता गाडी चालवताना मी कधी पाहिलेलं नाही. वडप्याकडे वळायच्या फाट्यावर ते म्हणाले, "इंजिन बंद केलं तर परत ढकलावं लागंल," आणि गाडी सरळ टेमघरच्या रस्त्याला घातली. इंजिन बंद न करताही हॉर्न वाजवून माणसाला बाहेर बोलावता येतं. हे मी सुचवलं नाही.

कुणी जाणार असेल तर थोडक्यात: वज्रेश्वरी-अकलोली एका दिवसात आरामात होतं. मे टाळा. पायऱ्या सकाळी चढा. पेट्रोल सोडून आमचा खर्च शंभराच्या आत झाला. नवी बॅटरी धरली तर विचारू नका, ती भावोजींनी घेतली आणि किंमत मला सांगितली नाही. ओळखीच्या प्राध्यापकांकडे जेवायला जाणार असाल तर मीठ बरोबर न्या. सीटवर ठेवू नका.

आता पोतं पुन्हा फळीवर आहे, पण तोंड उघडं. रोज सकाळी त्यातलं मूठभर काढते आणि पाट्यावर भरडते. पुडीचं मीठ संपवायला मुंग्यांच्या वाटेवर टाकलं, त्या तरी जातील म्हणून. मुंग्या गेल्या नाहीत. हेसुद्धा मी कुठेतरी अर्धंच वाचलेलं असणार.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भावोजी आले, ओटीवर बसले. मी म्हटलं, "माझा शब्द आहे. कागद आणलेत का?" ते म्हणाले, "आधी पानी द्या." मी पाणी दिलं. तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी तो हातात धरला, नाव वाचलं आणि वाजू दिला. थांबला, परत वाजला. मग त्यानं टुंई टुंई असा रडका आवाज काढला, बॅटरी संपत आल्याचा.

"उतरली वाटतं," भावोजी म्हणाले.

माझा फोन त्यांच्याचसारखा आहे. त्यांनीच मागल्या वर्षी आणून दिला. दोन्हीला एकच चार्जर चालतो, तो फडताळात खालच्या कप्प्यात असतो, हे त्यांना माहीत आहे. किती वेळा इथेच बसून त्यांनी फोन चार्ज केला आहे. आणि त्या वेळी लाइट होती.

फोनचा पडदा विझला. ते खाडीच्या दिशेला बघत बसले. मग म्हणाले, "दिवाळीनंतर उघाडीची फळी बदलाय लागंल. कुजलीय."

त्यांनी चार्जर मागितला नाही. मीही दिला नाही.